हंपीचा रिकामा गाभारा



भानुदास महाराजांची कथा तुम्ही ऐकली असणारच. विजयनगरचा राजा पंढरीला येतो, विठ्ठलमूर्ती पाहून मोहित होतो आणि ती आपल्या राजधानीत घेऊन जातो. पंढरी ओस पडते. मग पैठणचे भानुदास महाराज, म्हणजे आपल्या नाथमहाराजांचे पणजोबा, त्या राजधानीत जातात. देव आपल्या गळ्यातला रत्नहार त्यांच्या गळ्यात घालतो, चोरीचा आळ येतो, सुळाची शिक्षा होते, सुळाला पालवी फुटते आणि राजा शरण येतो. महिपतींच्या भक्तविजयात ही कथा आहे. कीर्तनकार बुवा सुळाला पालवी फुटते तिथे आवाज चढवतात, टाळकरी गजर करतात, आणि पुढच्या पाच मिनिटांत मूर्ती पंढरीत येऊन विटेवर उभीही राहते.

ती राजधानी कुठे आहे, ती दिसते कशी, हे मात्र क्वचितच कुणी विचारते. ती आहे, माउली. कर्नाटकात तुंगभद्रेच्या काठी, होसपेटपासून १३ किलोमीटरवर. आज तिला हंपी म्हणतात. पंढरपुरातून मंगळवेढा, विजापूर, कुष्टगी असे गेले तर ३०० किलोमीटरहून थोडे अधिक अंतर. आळंदी ते पंढरपूर अडीचशेच्या आसपास होते, म्हणजे वारीपेक्षा जरा लांब, एवढेच.

आम्ही इंदापूरकडचे. तुकोबारायांची पालखी आमच्या तालुक्यातून जाते. आईने देहूपासून सत्तावीस वाऱ्या चालत केल्या, मग गुडघ्यांनी नाही म्हटले. गेल्या मार्गशीर्षात ती एकदा म्हणाली, "पायी होत नाही तर गाडीनं का होईना, पण देवाला जिथं नेलं होतं ती जागा मला दाखवा." माझा भाचा गाडी चालवायला तयार झाला. तो कॉलेजात इतिहास शिकतो, म्हणून वाटाड्याही तोच. आई, मी, मंडळी आणि तो, असे चौघे दोन दिवसांसाठी निघालो. निघताना आईने वृंदावनातल्या तुळशीची जुडी ओल्या फडक्यात गुंडाळून बरोबर घेतली. कशाला, ते तेव्हा कुणी विचारले नाही.

पहिल्या दिवशी आम्ही नुसतेच राजधानी पाहत हिंडलो. १३३६ साली हरिहर आणि बुक्क या भावांनी हे राज्य उभारले असे मानतात. पुढची सव्वादोनशे वर्षे दक्षिणेत याच्या तोडीचे नगर नव्हते. इराणच्या बादशहाचा वकील अब्दुर रझाक १४४३ मध्ये येथे आला होता. कृष्णदेवरायाच्या काळात, १५२० च्या सुमारास, डोमिंगो पाएस नावाचा पोर्तुगीज आला. त्याला हे शहर रोमएवढे मोठे वाटले. आज तिथे दगड आहेत. माणसाएवढे, घराएवढे, देवळाएवढे तांबूस धोंडे एकमेकांवर रचून ठेवल्यासारखे, आणि त्यांच्या मधोमध पडके वाडे. महानवमीचा तो प्रचंड दगडी चौथरा, त्यावर राजा दसऱ्याला बसत असे. हत्तींसाठी अकरा दालनांची पागा. हजारराम मंदिराच्या भिंतींवर सबंध रामायण कोरलेले. भाचा एकेक सांगत होता. आई मान डोलवत होती, पण तिचे लक्ष लागले नव्हते, हे मला कळत होते.

एका ठिकाणी मात्र ती स्वतःहून थांबली. दगडी पाट वाहता ठेवण्यासाठी बांधलेला एक लांब चर आहे, आणि त्याच्या दोन्ही काठांनी ओळीने दगडातच कोरलेली ताटे आहेत. ताटातच भाजी-आमटीसाठी वाट्यांचे खळगे. मधल्या पाटातून पाणी वाहायचे, दोन्ही बाजूंना पंगत बसायची. ज्या बाईने सत्तावीस वर्षे दिंडीच्या पंगतीत भाकरी वाढली, तिला ही जागा समजावून सांगावी लागली नाही. ती काठीवर रेलून ती ओळ बघत राहिली. म्हणाली, "पानं मांडलीत आणि वाढपी उठून गेलेत बघ."

वाढपी का उठून गेले, तेही सांगायला हवे. २३ जानेवारी १५६५ या दिवशी तालिकोटच्या लढाईत दख्खनच्या सुलतानांच्या एकत्र फौजांनी विजयनगरचा पाडाव केला. राज्य चालवणारा रामराया रणांगणावरच मारला गेला. राजघराणे खजिना घेऊन पेनुकोंड्याकडे निघून गेले, आणि मागे उरलेले नगर कित्येक महिने लुटले जात होते. नंतर ते पुन्हा वसले नाही. ज्या विजापुरावरून आम्ही आलो, तेथील आदिलशहाही त्या फौजांत होता. एका सुलतानाविरुद्ध दुसऱ्याला उभे करण्याचे राजकारण रामरायाने वर्षानुवर्षे केले होते. शेवटी ते सगळे एक झाले. हे सगळे राजांचे हिशेब. आपल्या कथेपुरते एवढेच की राजधानी जाते तेव्हा अशी जाते.

विरुपाक्षाचे देऊळ तेवढे जिवंत आहे. नऊ मजल्यांचे गोपुर, आत पूजा, घंटा, प्रसाद, लग्नाची वऱ्हाडे, चपला सांभाळणाऱ्या बायका. एका अंधाऱ्या कोनाड्यात भिंतीच्या भोकातून आलेल्या उजेडात गोपुराची सावली उलटी पडते, ती बघायला पोरांची झुंबड असते. तो महादेव, आपण विष्णूचे, असे आईच्या मनातही आले नाही. विठोबाच्या माथ्यावर शिवलिंग आहे, ही वारकऱ्याची लहानपणची शिकवण. तिने दर्शन घेतले, पण तुळशीची जुडी पिशवीतच राहिली.

दुसऱ्या दिवशी विठ्ठलमंदिरात जायचे होते. वाटेत कृष्णमंदिर लागते, तेथे भाच्याने गाडी थांबवली, आणि त्याने जे सांगितले ते आपल्या कथेला फार जवळचे आहे. कृष्णदेवरायाने ओडिशाच्या गजपती राजाकडून उदयगिरीचा किल्ला जिंकला, तेव्हा तिथली बाळकृष्णाची मूर्ती तो घेऊन आला आणि तिच्यासाठी हे एवढे मोठे देऊळ बांधले. ती मूर्ती आता चेन्नईच्या संग्रहालयात आहे. म्हणजे जिंकलेल्या गावचा देव आपल्या राजधानीत आणून बसवणे ही या राजाची रीत होती. त्यात भक्ती नव्हती असे मी म्हणणार नाही. एवढे कोरीव काम नुसत्या गर्वाने होत नाही. पण देव ज्यांचा होता, त्या उदयगिरीकरांना कुणी विचारले असेल असे वाटत नाही.

विठ्ठलमंदिराकडे गाड्या सोडत नाहीत. शेवटचे किलोमीटरभर विजेच्या छोट्या गाडीतून नेतात. ती गाडी एक तरुण मुलगी चालवत होती, याचे आईला फार कौतुक वाटले. आवारात शिरलो की समोर तो दगडी रथ. आईने कमरेची पिशवी सोडून पन्नासाची नोट काढली, नोटेवरचा रथ आणि समोरचा रथ दोन-तीनदा ताडून पाहिला आणि समाधानाने नोट परत ठेवली. रथापुढे दोन हत्ती आहेत. भाचा म्हणाला, मुळात इथे घोडे होते, त्यांच्या शेपट्या अजून दिसतात. हत्ती मागाहून आणून बसवले. आत खरे तर गरुडाचे देऊळ आहे, देवासमोर उभे राहायचे म्हणून रथाचा घाट दिलेला. पलीकडे सभामंडप, त्याचे खांब बोटाने वाजवले की सूर उमटतात. आता हात लावू देत नाहीत, आणि ते योग्यच आहे; हजारो हातांपुढे दगडाचे काय चालणार?

माउली, शिल्प म्हणून पाहाल तर आपले पंढरीचे देऊळ याच्यापुढे साधेच आहे. खोटे कशाला बोलावे? एकेका खांबावर एवढे काम आहे की दिवस पुरणार नाही.

भाच्याने धरून आईला बाजूच्या पायऱ्या चढवल्या. आत अंधार. गाभाऱ्याभोवती खाली उतरून जाणारा प्रदक्षिणेचा बोळ आहे, त्यात पाणी ठिबकत होते. गाभाऱ्यात मूर्ती नाही. दिवा नाही, गंध नाही, समई नाही. चार भिंती, आणि वटवाघळांचा वास.

पंढरीत पायांवर डोके टेकवायला आपण दहा-बारा तास रांगेत उभे राहतो आणि तिथे पोहोचलो की पुजारी पाठीवर हात ठेवून पुढे सरकवतात. इथे रांग नाही, कुणी पुढे लोटत नाही, कुणी कोण कुठले विचारत नाही. बूट घातलेली माणसे गाभाऱ्यात जाऊन भिंतीवर मोबाईलचा उजेड पाडून येत होती. वाटेल तितका वेळ उभे राहा. मी उभा राहिलो, पण काय करावे ते सुचेना. हात जोडावेत तर कुणापुढे? न जोडावेत तर ते विठ्ठलाचे देऊळ. मंडळींचेही तसेच झाले असावे, ती पदर सावरीत नुसतीच उभी होती.

आईने उंबऱ्याला हात लावून तो कपाळाला लावला, आणि तिथेच टेकून बसली.

त्या वेळी भाच्याने एक गोष्ट काढली, ती तिथे काढायला नको होती असे मला क्षणभर वाटले. तो म्हणाला, "आजी, एक अडचण आहे. भानुदास महाराजांचा काळ परंपरेने १४४८ ते १५१३ सांगतात. कृष्णदेवराय गादीवर आला १५०९ ला. म्हणजे चारच वर्षं. आणि हे देऊळ त्याच्याही आधीचं आहे, असं अभ्यासक म्हणतात. १५१३ च्या शिलालेखात त्याच्या राण्यांनी इथं गोपुरं बांधल्याचं आहे. आणि बाहेर देवाच्या झोक्याचा मंडप आहे ना, तो १५५४ चा. देव तर १५१३ च्या आत पंढरीला परत गेला होता. मग चाळीस वर्षांनी हे लोक झोका कुणाला देत होते?"

वाचक माउली, हा प्रश्न साधा नाही. मी त्याचे उत्तर शोधत होतो. पंढरपूरच्या विठ्ठलाचे कर्नाटकाशी किती जुने नाते आहे, यावर डॉ. रा. चिं. ढेरे यांच्यासारख्या विद्वानांनी आयुष्य घालवले आहे, आणि खुद्द माउलींनी देवाला कानडा म्हटले आहे. तेव्हा इथे आधीपासून विठ्ठलाचे देऊळ असणे नवलाचे नाही, एवढे मला सांगता आले असते. पण आईने मला बोलू दिले नाही.

"अरे, आपल्या घरात विठोबा आहे, तुझ्या मावशीच्या घरात आहे, गावच्या देवळात आहे. ह्यांनी दुसरा घडवला असंल. विठोबा घडवायला बंदी आहे का?" मग थोडे थांबून, "ह्यांचाही गेलाच की रे शेवटी. ह्यांच्यासाठी आणायला कुणी गेलं नाही, एवढंच."

भाचा गप्प झाला. मीही. घरी येऊन मी पुष्कळ विचार केला. कथेतल्या सनावळीचा हिशेब इतिहासकार करतील, तो त्यांनी करावाच. त्याने आपला विठोबा विटेवरून हलत नाही. पण आपण ही कथा सांगताना सगळा भर सुळाच्या पालवीवर देतो, तो मला आता कमी वाटू लागला आहे. पालवी देवाने फोडली. त्याआधी एक माणूस उठला, आणि ज्याच्याकडे हत्ती-घोडे आणि एवढे मोठे नगर आहे त्या राजाच्या दारी जाऊन 'आमचा देव आम्हाला दे' म्हणाला. फौज नाही, फर्मान नाही. आणि मिळाल्यावर तो देव त्याने पैठणला आपल्या घरी नेला नाही. कथा खरी धरा किंवा परंपरा म्हणा, ही दोन पावले तिच्यातली सगळ्यात अवघड आहेत, आणि कीर्तनात ती दोन वाक्यांत संपतात.

देवळातून नदीकडे उतरले की पुरंदरदासांचा मंडप आहे. तुंगभद्रेला पूर आला की तो पाण्यात जातो, तेव्हा कोरडा होता. पुरंदरदास १४८४ ते १५६४. राजधानी पडण्याच्या आदल्याच वर्षी ते गेले. आधी मोठे सावकार, मग सगळे वाटून टाकून तंबोरा घेऊन दारोदार गाणारे. कर्नाटक संगीताचे पितामह म्हणून त्यांना मानतात, आणि त्यांच्या पदाच्या शेवटी नाममुद्रा येते ती 'पुरंदर विठ्ठल'. त्यांच्या मागून आलेल्या दासांच्या मुद्राही तशाच: विजय विठ्ठल, गोपाळ विठ्ठल, जगन्नाथ विठ्ठल.

मंडपात चार-पाच म्हाताऱ्या बायका आणि एक आजोबा बसून गात होते. कानडी आम्हाला कळत नाही. पण दर कडव्याच्या शेवटी ते नाव यायचे आणि आईचे हात आपोआप टाळी धरायचे. गाणे संपल्यावर त्यांतल्या एकीने खुणेने विचारले, कुठले? आईला दुसरे काय सांगता येणार? ती म्हणाली, "पंढरपूर." आमचे गाव तिकडून साठ-पासष्ट किलोमीटर अलीकडे आहे, पण ते तिथे सांगून उपयोग नव्हता आणि आईने ते खोटेही मानले नसते. ती बाई उठली आणि आईच्या पाया पडली. मग आई, जिला घरात पाटावरून उठताना दोन माणसे लागतात, ती खांबाला धरून वाकली आणि तिच्या पाया पडली. दोघींचे पुढे बराच वेळ बोलणे चालले होते, एक कानडीत, एक मराठीत.

निघताना मंडळींनी विचारले, तुळस कुठे वाहायची? आई म्हणाली, "घरात माणूस नसताना कुणी ताट वाढतं का?" जुडी पुन्हा फडक्यात गेली.

तुम्ही जाणार असाल तर कार्तिकी झाल्यावर, थंडीत जा. फाल्गुनानंतर ते धोंडे तापतात आणि सावली फार थोडी. पाणी जवळ ठेवा, म्हाताऱ्या माणसांना विजेच्या गाडीतूनच न्या, आणि दोन दिवसांत सगळे पाहायची हाव धरू नका. आमचे नदीपलीकडचे अंजनाद्री, हनुमंतांचे जन्मस्थान म्हणून सांगतात ते, राहिले. साडेपाचशेहून जास्त पायऱ्या आहेत असे कळल्यावर आईने खालूनच हात जोडले.

परतीच्या वाटेवर मी मनातल्या मनात मुक्काम मोजत होतो. दिंडीच्या चालीने वीसएक दिवस. आधी तुंगभद्रा ओलांडायची, मग कुष्टगीचे ते माळरान, मग कृष्णा. आज कृष्णेवर पूल आहे, आम्ही दोन मिनिटांत पार झालो. तेव्हा मूर्ती छातीशी धरून होडीत कोण बसले असेल, नावाड्याला काय सांगितले असेल, रात्री देव कुठल्या झाडाखाली ठेवला असेल? देव वाटेत लहान झाला म्हणून नेता आला, असेही कथेत सांगतात. भाचा गाडी चालवता चालवता म्हणाला, "मामा, यावर कुणी कीर्तन का करत नाही?" मी म्हटले, तूच कर. तो हसला, पण नाही म्हणाला नाही.

मंगळवेढ्यात शिरलो तेव्हा तिन्हीसांज झाली होती. चोखोबाराय इथेच गेले. गावकुसाच्या कामावर वेठीला होते आणि ते कोसळले. नामदेवरायांनी त्यांच्या अस्थी पंढरीला आणल्या आणि महाद्वारासमोर त्यांची समाधी झाली. बाहेर. जिवंतपणी जिथपर्यंत जाता येत होते, तिथपर्यंतच. मंगळवेढ्याच्या दिव्यांतून जाताना माझ्या मनात हिशेब सुरू झाला, तो मी तुमच्यापासून लपवत नाही. भानुदास महाराजांनी राजाच्या घरातून देव सोडवून आणला तो सगळ्यांसाठी. तरी त्यानंतर चारशेहून जास्त वर्षे त्याच देवळाचे दार चोखोबांच्या माणसांना बंद होते. १९४७ मध्ये साने गुरुजी पंढरपुरात प्राणांतिक उपोषणाला बसले, तेव्हा ते उघडले. राजाने देव नेला तर आपण त्याला कथेत नावे ठेवतो. हे चारशे वर्षांचे कुणाच्या नावावर घालायचे? आईचा जन्म स्वातंत्र्याच्या वर्षातला. म्हणजे ते दार उघडून जेवढी वर्षे झाली, तेवढेच आईचे वय.

हे मी गाडीत बोललो. आई काही म्हणाली नाही. तिला झोप लागली असावी असे वाटले.

पंढरपुरात पोहोचलो तेव्हा रात्रीचे नऊ वाजून गेले होते. आम्ही मुखदर्शनाला तरी जाऊ म्हणत होतो, पण रांग लांब होती आणि आईचे पाय दोन दिवसांत सुजले होते. ती म्हणाली, "तुम्ही जाऊन या. मी महाद्वारात बसते." आम्ही दर्शन घेऊन परत आलो तर ती नामदेव पायरीसमोर बसलेली. फडके मांडीवर घडी घालून ठेवलेले. तुळस दोन दिवसांत कोमेजली होती, तरी वास होता. ती चोखोबांच्या समाधीवर होती.

"पोचती होईल ना?" भाच्याने विचारले.

आईने वर कळसाकडे पाहिले, हात जोडले आणि काठी मागितली.